धूर धुणारा माणूस : यूजीन हूड्री

पेट्रोल लिटरमागे किती रुपयांनी वाढलं हे होस्टेलमधला प्रत्येक जण झोपेतसुद्धा सांगेल. ते पेट्रोल इंजिनात जळतं, पिस्टन ढकलला जातो आणि गाडी पळते, हेही सगळ्यांना माहीत आहे (अगदी कॉम्प्युटरवाल्यांनासुद्धा!). पण पुढे काय? जळून झाल्यावर जे उरतं ते जातं कुठे, आणि वाटेत त्याचं काय होतं? आमच्या आय.सी. इंजिनच्या पुस्तकात कार्ब्युरेटरला अख्खं प्रकरण आहे आणि एक्झॉस्टला जेमतेम दोन-अडीच पानं. ओरललासुद्धा सगळे प्रश्न तोंडाकडचे. शेपटाकडे कोण बघतो?

टी.ई.च्या सेमिनारसाठी मला कॅटॅलिटिक कन्व्हर्टर हा विषय मिळाला. वाचता वाचता मी एका माणसापाशी येऊन थांबले. मी कॉन्व्हेंटमध्ये शिकलेली, मराठीत इतकं लांब लिहायची सवय नाही. पण हा माणूस इंग्रजी रिपोर्टच्या स्पायरल बाइंडिंगमध्ये कायमचा बंद करून ठेवावा असं वाटेना. म्हणून हा खटाटोप. त्याचं नाव यूजीन हूड्री. फ्रेंच लोक म्हणे त्याला उद्री म्हणतात, पण त्याचं मोठं काम अमेरिकेत झालं, म्हणून आपण हूड्रीच म्हणू या.

हूड्रीकडे जाण्याआधी गाडीच्या शेपटाची ओळख करून घेऊ.

चार स्ट्रोकमधला शेवटचा एक्झॉस्ट स्ट्रोक. व्हॉल्व्ह उघडतो तेव्हा सिलिंडरमधल्या गॅसचं तापमान कित्येक शे अंश असतं आणि दाब बाहेरच्या हवेपेक्षा बराच जास्त असतो. त्यामुळे तो सरळ चालत बाहेर येत नाही, धाडकन उडी मारतो. तो धाड म्हणजेच गाडीचा आवाज. गणित करून बघा. चार सिलिंडरचं इंजिन मिनिटाला 3000 फेरे घेत असेल, तर प्रत्येक सिलिंडर दोन फेऱ्यांत एकदा पेटतो, म्हणजे मिनिटाला 6000 आणि सेकंदाला 100 धडाके! हे चार तोंडांतून आलेले धडाके एक्झॉस्ट मॅनिफोल्ड एका नळीत गोळा करतो. तिथे नळ्यांची लांबी आणि वळणं बेतून ठेवावी लागतात, नाहीतर एका सिलिंडरचा गॅस दुसऱ्याच्या वाटेत आडवा येतो आणि इंजिनाची ताकद फुकट जाते.

मॅनिफोल्डच्या पुढे कन्व्हर्टर, त्याच्या पुढे मफलर (ज्याला आपण सरसकट सायलेन्सर म्हणतो) आणि शेवटी टेलपाइप. मफलरच्या आत भोकं पाडलेल्या नळ्या आणि लहानमोठे कप्पे असतात. आवाजाच्या लाटा त्या कप्प्यांत आपटून परत फिरतात आणि समोरून येणाऱ्या लाटांना खोडून काढतात. बारावीच्या फिजिक्समधलं इंटरफिअरन्स आठवतंय ना? तेच हे! टेलपाइपचं काम म्हणजे जे काही उरलं ते माणसांपासून लांब, गाडीच्या मागे नेऊन सोडणं.

आता त्या गॅसमध्ये असतं काय? बहुतेक सगळा नायट्रोजन, कार्बन डायऑक्साइड आणि पाण्याची वाफ. खरी भीती आहे ती शेकडा एक-दोन भागाची. अर्धवट जळलेला कार्बन मोनॉक्साइड, न जळलेले हायड्रोकार्बन आणि अति उष्णतेमुळे तयार झालेले नायट्रोजनचे ऑक्साइड. कार्बन मोनॉक्साइडला रंग नाही, वास नाही आणि आपल्या रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनपेक्षा दोनशेहून अधिक पटींनी घट्ट चिकटतो. बंद गॅरेजमध्ये गाडी चालू ठेवून बसलेला माणूस झोप लागावी तसा जातो. आमच्या लॅबचे मामा पावसाळ्यातसुद्धा शटर उघडल्याशिवाय इंजिनाला हात लावू देत नाहीत, ते उगाच नाही.

तर हा शेकडा एक-दोन भाग स्वच्छ कसा करायचा, हा प्रश्न ज्याने अंगावर घेतला तो हूड्री. गंमत म्हणजे हा माणूस केमिकलचा नव्हे, आपल्या मेकॅनिकलचा!

त्याचा जन्म 18 एप्रिल 1892 रोजी पॅरिसजवळच्या दोमाँ या गावी झाला. वडिलांचा पोलादाचा मोठा कारखाना. मुलगा मेकॅनिकल इंजिनिअरिंगला गेला आणि 1911 साली वर्गात पहिला येऊन सुवर्णपदकासह बाहेर पडला. शिवाय कॉलेजच्या फुटबॉल टीमचा कॅप्टन. (म्हणजे टॉपर असून ग्राउंडवर दिसणारी दुर्मीळ जमात.) मग घरच्याच कारखान्यात रुजू. सगळं कसं आखून दिल्यासारखं चाललेलं होतं.

तेवढ्यात पहिलं महायुद्ध आलं. फ्रान्सने रणगाड्यांचं नवं दल उभारलं, त्यात हूड्री लेफ्टनंट होता. 1917 साली जुव्हँकूरच्या लढाईत तो गंभीर जखमी झाला. शौर्याबद्दल त्याला क्र्वा द गेर हे पदक आणि लेजन ऑफ ऑनर हा सन्मान मिळाला. वय फक्त पंचवीस.

युद्धानंतर त्याला वेड लागलं रेसिंग कारचं. स्वतःची बुगाटी होती. 1922 साली तो अमेरिकेत गेला, इंडियानापोलिसची प्रसिद्ध रेस पाहिली, डेट्रॉइटला फोर्डचा कारखाना पाहिला. इतर लोक रेस बघून इंजिनाबद्दल बोलतात, हूड्रीच्या डोक्यात मात्र इंधन घोळू लागलं. इंजिन कितीही चांगलं केलं तरी पेट्रोल भिकार असेल तर ते नॉक करणार, ठोके देणार. आणि फ्रान्सच्या जमिनीत तेल जवळजवळ नाहीच. लिग्नाइट म्हणजे हलक्या प्रतीचा तपकिरी कोळसा मात्र होता. त्याच सुमारास त्याला कळलं की नीस गावचा प्रूदोम नावाचा एक औषधविक्रेता लिग्नाइटपासून पेट्रोल काढतोय. हूड्रीने ते काम उचललं आणि घरच्या व्यवसायापेक्षा त्यातच जास्त रमला.

इथे कॅटॅलिस्ट म्हणजे काय ते सांगायला हवं. आपल्याकडे लग्न जुळवणारे मध्यस्थ असतात बघा. दोन घरं एकत्र आणतात, बोलणी करून देतात, लग्न लागलं की पुढच्या स्थळाकडे निघतात. स्वतः आहेत तसेच राहतात. कॅटॅलिस्ट तसाच. रासायनिक क्रिया जलद घडवून आणतो, स्वतः खर्ची पडत नाही. हूड्रीने शेकड्यांनी पदार्थ तपासून पाहिले. एक पदार्थ, एक प्रयोग, एक निकाल... पुन्हा दुसरा पदार्थ. आपण एका जर्नलची तीन रीडिंग घ्यायला कंटाळतो!

1929 साली त्याने लिग्नाइटचा प्लँट उभारून दाखवला, दिवसाला 60 टन लिग्नाइट पचवणारा. प्लँट चालला, पण हिशोब जमला नाही. पेट्रोल महाग पडत होतं. सरकारने मदत काढून घेतली आणि प्लँट बंद झाला. कितीतरी वर्षांची मेहनत आणि घरचा पैसा गेला.

पण त्याच्या हाती एक गोष्ट राहिली होती. 1927 साली, लिग्नाइट चालू असतानाच, त्याला सापडलं होतं की सिलिका आणि ॲल्युमिना असलेली एक प्रकारची माती जड तेलाचे मोठे रेणू फोडून त्याचं चांगलं पेट्रोल बनवते. यालाच क्रॅकिंग म्हणतात. तोपर्यंत हे काम नुसत्या उष्णतेने आणि दाबाने करत असत, म्हणजे खडीसाखर हातोड्याने फोडावी तसं. मातीने तेच काम नेमकं होत होतं आणि निघणारं पेट्रोल जास्त ऑक्टेनचं, म्हणजे कमी ठोके देणारं. त्याने ते आपल्या बुगाटीत घालून चढावर गाडी पिटाळून खात्री करून घेतली. याला म्हणतात टेस्टिंग!

एक अडचण होती. दहा-पंधरा मिनिटांत त्या मातीवर कार्बनचा काळा थर बसायचा आणि ती काम करेनाशी व्हायची. याआधी बऱ्याच जणांनी इथेच हात टेकले होते. हूड्रीने इंजिनिअरसारखा विचार केला. कार्बन म्हणजे कोळसाच ना? मग हवा सोडून तो जाळून टाकू! माती पुन्हा स्वच्छ. वर जळताना निघालेली उष्णता क्रॅकिंगला लागतेच, तीही वापरू. म्हणून त्याने एकाऐवजी अनेक भांडी ठेवली. एक कामावर, एक रिकामं होतंय, एक साफ होतंय, आणि दर काही मिनिटांनी पाळी बदलायची. होस्टेलच्या बाथरूमसारखंच, फक्त इथे प्रत्येकाचा नंबर वेळेवर लागायचा.

ही कार्बन जाळून टाकायची युक्ती लक्षात ठेवा. पुढे याच जागी त्याची गाडी अडली.

1930 साली अमेरिकेतल्या व्हॅक्यूम ऑइल कंपनीने त्याला बोलावून घेतलं. न्यू जर्सीत पॉल्सबरो इथे प्रयोग सुरू झाले, 1931 साली हूड्री प्रोसेस कॉर्पोरेशन निघालं, 1933 साली सन ऑइल कंपनी येऊन मिळाली. मार्च 1937 मध्ये पेन्सिल्व्हेनियातल्या मार्कस हुक इथे सन ऑइलचा मोठा प्लँट दिवसाला 15,000 बॅरल तेल घेऊ लागला आणि त्यातलं जवळजवळ निम्मं उत्तम पेट्रोल होऊन बाहेर पडू लागलं. जुन्या पद्धतीत हे प्रमाण चौथा भाग. मातीवरचा कार्बन जाळताना जो गरम गॅस निघायचा तोसुद्धा वाया न घालवता त्यावर टर्बाइन चालवली होती. म्हणजे बघा, बाहेर टाकायच्या धुराकडे हा माणूस तेव्हापासूनच वेगळ्या नजरेने बघत होता.

दुसरं महायुद्ध सुरू झालं तेव्हा लढाऊ विमानांना 100 ऑक्टेनचं पेट्रोल हवं होतं, आणि ते बनवण्यात हूड्रीच्या युनिट्सचा मोठा वाटा होता. 1940 साली फ्रान्स जर्मनीपुढे पडला. हूड्री अमेरिकेत राहून जनरल द गॉलच्या बाजूने उघडपणे उभा राहिला, फ्रान्स फॉरेव्हर या संघटनेचा अध्यक्ष झाला. तेव्हा फ्रान्समधल्या व्हिशी सरकारने 1941 साली त्याचं नागरिकत्वच काढून घेतलं. ज्या देशासाठी रणगाड्यात रक्त सांडलं, त्या देशाच्या यादीतून नाव कापलं गेलं. 1942 साली तो अमेरिकन नागरिक झाला. युद्धाच्या काळात कृत्रिम रबरासाठी लागणारं ब्युटाडाइन बनवायची पद्धतसुद्धा त्याने दिली. मात्र त्याच्या क्रॅकिंगच्या मूळ पद्धतीला 1942 पासून फ्लुइड क्रॅकिंग या नव्या पद्धतीने मागे टाकायला सुरुवात केली. इंजिनिअरिंगमध्ये कुणाचाच नंबर कायम नसतो.

इथे एखाद्याने निवांत बसून पेटंटची रॉयल्टी मोजली असती. हूड्री तेव्हा अठ्ठावन्न वर्षांचा होता. त्याने काय केलं? ज्या पेट्रोलचा त्याने पूर आणला होता, त्याच पेट्रोलच्या धुरामागे तो लागला.

लॉस एंजेलिस शहरावर 1943 पासून डोळे चुरचुरवणारं धुकं पसरायला लागलं होतं. आधी कारखान्यांवर बोट दाखवलं गेलं. मग हागेन-श्मिट या शास्त्रज्ञाने 1950 च्या दशकाच्या सुरुवातीला दाखवून दिलं की हायड्रोकार्बन आणि नायट्रोजनचे ऑक्साइड यांच्यावर ऊन पडलं की ओझोन तयार होतो, आणि हे दोन्ही पदार्थ गाड्यांच्या शेपटातून भरपूर येतात. हूड्रीला फुप्फुसाच्या कॅन्सरचे वाढते आकडे अस्वस्थ करत होते. 1950 च्या सुमारास त्याने ऑक्सी-कॅटॅलिस्ट नावाची कंपनी काढली. कल्पना सरळ होती. इंजिनात जे अर्धवट जळलं ते शेपटात पूर्ण जाळायचं. ज्वाळेने नव्हे, कॅटॅलिस्टने. पोर्सिलीनच्या दांड्या, त्यांच्यावर ॲल्युमिनाचा पातळ थर, त्यात प्लॅटिनम. गरम गॅस त्यांच्यामधून गेला की कार्बन मोनॉक्साइडचा कार्बन डायऑक्साइड होतो आणि हायड्रोकार्बनचं पाणी आणि कार्बन डायऑक्साइड. 1956 साली त्याला त्याचं अमेरिकन पेटंट मिळालं.

कारखान्यांच्या धुराड्यांवर हे चाललं. गोदामांत बंद जागेत माल उचलणाऱ्या फोर्कलिफ्टवरही चाललं. तिथे तर ते जीव वाचवणारंच होतं, कारण कामगार त्याच हवेत श्वास घेत होते. पण रस्त्यावरच्या गाडीवर बसवलं की थोड्याच काळात निकामी!

कारण होतं शिसं. आणि इथे या गोष्टीत दुसरा माणूस येतो. त्याचं नाव थॉमस मिज्ली. तोही मेकॅनिकल इंजिनिअर आणि योगायोग असा की तोही 1911 सालीच पास झालेला, अमेरिकेतल्या कॉर्नेलमधून. दोघांपुढे प्रश्न एकच, इंजिनाचे ठोके थांबवायचे कसे? हूड्रीने त्यासाठी पेट्रोलच चांगलं बनवलं. मिज्लीने 1921 साली शोध लावला की साध्या पेट्रोलमध्ये टेट्राइथिल लेड, म्हणजे शिशाचं संयुग, चिमूटभर टाकलं की ठोके थांबतात. 1923 पासून ते पंपावर विकायला आलं. स्वस्त आणि सोपं. 1924 मध्ये ते बनवणाऱ्या कारखान्यांतले कामगार भ्रमिष्ट होऊन मेले, तरी विक्री थोडे दिवस थांबून पुन्हा सुरू झाली. पुढे चांगल्या पेट्रोलमध्येसुद्धा, ते आणखी चांगलं व्हावं म्हणून, शिसं घालायचीच रीत पडली. ते शिसं जळत नव्हतं, संपत नव्हतं. शेपटातून बाहेर पडून रस्त्यावर, घरात आणि लहान मुलांच्या रक्तात जात होतं. मुलांच्या मेंदूला शिशाची कुठलीही पातळी सुरक्षित नाही, हे आज सिद्ध झालेलं आहे.

आता ती आधीची युक्ती आठवा. मातीवर कार्बन बसला तर हूड्री तो जाळून टाकायचा. पण प्लॅटिनमवर शिसं बसलं तर? ते जाळून जात नाही. एकदा बसलं की बसलं. फोर्कलिफ्टमध्ये बिनशिशाचं साधं पेट्रोल चालायचं, म्हणून तिथे कन्व्हर्टर टिकला. गाडीत शिसं होतं, म्हणून मेला. आयुष्यभर कॅटॅलिस्ट पुन्हा जिवंत करण्यात वाकबगार असलेल्या माणसाला हे एक मरण परतवता येईना.

यात त्याच्या डिझाइनचा दोष शोधून सापडत नाही. दोष शेपटात नव्हताच, तोंडात होता. टाकीत जे ओतलं जात होतं ते बदलल्याशिवाय नळीच्या दुसऱ्या टोकाला कितीही हुशारी केली तरी उपयोग नव्हता. आणि टाकीत काय ओतायचं हे ठरवणं एका इंजिनिअरच्या हातात नव्हतं.

18 जुलै 1962 रोजी, वयाच्या सत्तराव्या वर्षी, हूड्री पेन्सिल्व्हेनियात वारला. त्याने डोळे मिटले तेव्हा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर लावलेली गाडी बाजारात कुठेच नव्हती.

पुढची गोष्ट लवकर सांगते. 1970 साली अमेरिकेने स्वच्छ हवेचा कडक कायदा केला आणि 1975 च्या गाड्यांचा धूर 90 टक्क्यांनी कमी करा असं बजावलं. इतकं कमी करायला कन्व्हर्टरशिवाय मार्ग नव्हता आणि कन्व्हर्टर हवा तर शिसं घालवल्याशिवाय मार्ग नव्हता. 1974 पासून तिथल्या पंपांवर बिनशिशाचं पेट्रोल मिळू लागलं. नव्या गाड्यांच्या टाकीचं तोंडच इतकं लहान ठेवलं की शिसेवाल्या पेट्रोलची नळी त्यात जाऊच नये. साधं डिझाइन, पण काय डोकं आहे! पोर्सिलीनच्या दांड्यांच्या जागी मधाच्या पोळ्यासारखा सिरॅमिकचा ठोकळा आला. 1981 पासून तिथे थ्री-वे कन्व्हर्टर सर्रास झाला, जो नायट्रोजनच्या ऑक्साइडमधून ऑक्सिजन काढून घेऊन साधा नायट्रोजन सोडतो. त्यासाठी एक किलो पेट्रोलला 14.7 किलो हवा हे प्रमाण जवळजवळ अचूक लागतं. म्हणून एक्झॉस्टमध्ये ऑक्सिजन सेन्सर बसला, तो इंजिनाच्या कॉम्प्युटरला सांगतो आणि कॉम्प्युटर पेट्रोल कमी-जास्त करतो. म्हणजे शेपूट आता तोंडाला सूचना देऊ लागलं!

आपल्याकडे 1 एप्रिल 1995 पासून मुंबई, दिल्ली, कोलकाता आणि चेन्नई या चार शहरांत नव्या गाड्यांना कन्व्हर्टर आला आणि त्यांच्यासाठी बिनशिशाचं पेट्रोल. आपले आई-बाबा तेव्हा कॉलेजच्या वयाचे असतील, त्यांना पंपावरच्या अनलेडेडच्या पाट्या विचारून बघा. 1 फेब्रुवारी 2000 पासून देशभर शिसेवालं पेट्रोल बंद झालं. जगात सगळ्यात शेवटी ते अल्जीरियाने बंद केलं, 2021 साली. शिसं पंपावर आल्यापासून पुरी अठ्ठ्याण्णव वर्षं लागली.

आता जरा आपल्या पार्किंगकडे वळू या. 1 एप्रिल 2020 पासून आपल्याकडे बी.एस. सिक्स आलं. आजच्या पेट्रोल बाईकच्या सायलेन्सरमध्ये किंवा त्याच्या आधीच्या नळीत तो मधाचं पोळं असलेला ठोकळा असतो. त्यातल्या प्लॅटिनम, पॅलेडियम, ऱ्होडियमची किंमत चोरांना कळली आहे. महाराष्ट्रात आणि गुजरातमध्ये व्हॅनचे सायलेन्सर कापून नेल्याच्या बातम्या आपण वाचल्या आहेत. चोरांना कळलेली किंमत आपल्याला मात्र कळत नाही. नवी बाईक आली की पहिल्या महिन्यात कंपनीचा सायलेन्सर उतरवून पुंगळी लावायची, ही आपली परंपरा! आवाज मोठा झाला की ताकद वाढली असं वाटतं. खरं तर कंपनीने इंजिन, नळीची लांबी, सेन्सर हे सगळं एकत्र जुळवून दिलेलं असतं. नुसती नळी बदलली की ते गणित विस्कटतं, आणि रात्री दोन वाजता अभ्यास करणाऱ्या, किंवा नुकताच डोळा लागलेल्या चारशे जणांची झोप जाते ती वेगळीच. पोलिसांनी असे जप्त केलेले सायलेन्सर रोडरोलरखाली चिरडल्याचे फोटो पेपरात येतात, ते बघून आपण हसतो. पण पुंगळीबरोबर तो ठोकळासुद्धा निघून गेला असेल, तर त्या बाईकमागे सिग्नलला उभ्या असलेल्या शाळेच्या रिक्षातल्या मुलांच्या नाकात काय जातं, याचा विचार एकदा करून बघा.

हूड्रीकडे कन्व्हर्टर होता, पण चालवायला स्वच्छ पेट्रोल नव्हतं. वाट बघत तो गेला. आपल्याकडे दोन्ही आहे, कायदा आहे, सेन्सर आहे. आणि आपण स्पॅनर घेऊन ते उतरवतो.

मामांनी लॅबमध्ये एक जुना कन्व्हर्टर उभा कापून ठेवला आहे, खिडकीजवळच्या टेबलावर. वेळ मिळाला तर जाऊन बघा. करंगळीपेक्षाही कितीतरी बारीक शेकडो भोकं, आरपार उजेड दिसतो. त्या भोकांमधून धूर आत जातो आणि बाहेर येताना बराचसा नुसता वाफ आणि वारा होऊन येतो. मेकॅनिकलच्याच एका माणसाने त्याची सुरुवात केली. ओरलला कुणी विचारणार नाही कदाचित, पण नाव लक्षात ठेवा... यूजीन हूड्री.